चार अमोनिया आणि एक घुमट

रसायनशास्त्राच्या बाईंना उरलंसुरलं काही बघवत नसे. दोरीवर जेवढे मोजे वाळत घातले तेवढेच खाली उतरायला हवेत. एखादा मोजा एकटा सापडला की दिवसभर त्यांचं डोकं भणभणायचं. "जेवढं आत गेलं तेवढंच बाहेर यायला पाहिजे," हे त्यांचं एकूण जगण्याबद्दलचं मत होतं, आणि सुदैवाने त्यांच्या विषयाचंही तेच मत होतं.

मुलांचं मात्र तसं काही मत नव्हतं. नववीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर पाण्याचं समीकरण लिहिलं. डावीकडे हायड्रोजन आणि ऑक्सिजन, उजवीकडे पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एकच. "आता कोण जुळवून दाखवतं?" असं बाईंनी विचारल्यावर एक मुलगा उठला. त्याला सगळी शाळा 'खिसा' म्हणायची, कारण त्याच्या पँटचे खिसे कायम टम्म फुगलेले असायचे. त्याने खडू घेतला, पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी एक बारीकसा दोन लिहिला आणि हात झटकले.

"झालं, बाई. जुळलं."

"अरे, काय जुळलं? हे पाणी राहिलं का आता? हे प्यायलास तर घशाची सालटी निघतील. याने लोक केस भुरे करतात!"

"पण मग एक ऑक्सिजन उरतो त्याचं काय करू?"

"तूच सांग."

खिशाने थोडा विचार केला. "खिशात ठेवू?"

बाई खुर्चीत बसल्या. वर्ग हसत होता, पण बाईंना ठाऊक होतं की हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी वहीत तोच बारीक दोन लिहिलेला आहे. त्या पाणी प्यायल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

"नीट ऐका. पुढचा मोठा आकडा म्हणजे किती माणसं बोलावली. खालचा बारीक आकडा म्हणजे एका माणसाला नाकं किती. माणसं कमी पडली तर आणखी माणसं बोलवा. कुणाला जास्तीचं नाक लावू नका!"

हे मुलांना पटलं. इतकं पटलं की पुढच्या तासाला दोघातिघांनी समीकरणाच्या जागी नाकं काढून ठेवली होती. तेव्हा बाईंनी ठरवलं की आता फळा पुरे. आता मुलांनाच अणू करायचं. हायड्रोजनला एक हात, म्हणजे दुसरा हात पाठीमागे बांधायचा. ऑक्सिजनला दोन हात. आणि नायट्रोजनला तीन, म्हणजे दोन हात आणि एक पाय. शाळा बघायला पालक येणार होते, त्या दिवशी सभागृहात सगळ्यांसमोर हे जिवंत समीकरण करून दाखवायचं. नायट्रोजन आणि हायड्रोजन आत जाणार, अमोनिया बाहेर येणार, आणि कुणीही उरणार नाही.

इथे बाईंच्या भावाबद्दल सांगायला हवं. तो त्याच शाळेत भूमिती शिकवायचा, शेजारच्याच वर्गात. मुलं त्याला कोनसर म्हणायची आणि बाई त्याला धाकट्या म्हणायच्या, मग भले तो शिक्षकांच्या बैठकीत बोलत असो. बाईंना जसं उरलेलं बघवत नसे तसं याला अख्खं बघवत नसे. कागदाचा त्रिकोण दिसला की त्याचे तिन्ही कोपरे फाडायचे आणि ते शेजारी शेजारी ठेवून "बघा, सरळ रेघ झाली!" असं ओरडायचं. त्रिकोण कसलाही असो, लांबुळका असो की बसका, कोपरे जोडले की सरळ रेघच होते, आणि प्रत्येक वेळी कोनसरांना पहिल्यांदाच बघितल्यासारखा आनंद व्हायचा. या आनंदापायी घरातले तीन रुमाल, एक उशीचा अभ्रा आणि आईच्या चष्म्याचं मऊ फडकं कामी आलं होतं.

"भूमिती हाताला कळली पाहिजे, ताई," तो म्हणायचा. "डोक्याला मागाहून कळते."

"तुझ्या डोक्याला कधी कळणार ते सांग," बाई म्हणायच्या.

यंदा त्याने रद्दीचे कागद घट्ट गुंडाळून काड्या करायचं काढलं होतं. काड्यांचे त्रिकोण, त्रिकोणांना जोडून आणखी त्रिकोण, आणि सगळे मिळून एक मोठा घुमट, ज्यात माणसं मावतील असा. पालकांना दाखवायला. सभागृहात.

दोघांनाही सभागृह एकाच दिवशी, एकाच वेळी हवं होतं, आणि दोघांनाही ते मिळालं होतं. कारण मुख्याध्यापकांना नाही म्हणता येत नसे. त्यांना सगळे होसर म्हणत. कुणी काही विचारायला आलं की प्रश्न पुरा व्हायच्या आधीच ते "हो, हो," म्हणत मान डोलवायचे. मागे एकदा दोन शिक्षिकांनी वर्गाच्या एकाच खिडकीबद्दल, एकीने उघडी ठेवू का आणि दुसरीने बंद ठेवू का, असं विचारलं तेव्हा त्यांनी दोघींनाही हो म्हटलं होतं, आणि ती खिडकी अखेर बिजागरीतून निखळली होती.

पालकांच्या दिवशी सकाळी बाई सभागृहात शिरल्या तेव्हा समोर घुमट होता. पुढची सगळी जागा त्याने व्यापली होती. आतून एक ओळखीचा आवाज गुणगुणत होता.

"धाकट्या!"

"ताई, आत ये ना! खालचा एक त्रिकोण रिकामा ठेवलाय, तेच दार. जरा वाकून ये."

"मी वाकणार नाही. हे बाहेर ने. माझं समीकरण आहे इथे."

"होसर म्हणाले हो."

"मलाही हो म्हणाले!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. होसरांचं नाव काढून भांडण्यात अर्थ नाही, हे दोघांनाही एकदमच कळलं. शेवटी मोठ्या बहिणीचा मान म्हणून, आणि मोठ्या बहिणीचा आवाज म्हणून, कोनसर घुमट बाहेर न्यायला तयार झाले. मुलांना बोलावलं. सगळ्यांनी मिळून घुमट उचलला. कागदाचाच तो, पिसासारखा हलका. वाजतगाजत दारापर्यंत गेला आणि घोडं अडलं.

"मोजलं नव्हतंस का रे?" बाईंनी विचारलं.

"मोजलं होतं की! काडी न् काडी मोजली होती."

"आणि दार?"

कोनसरांनी दाराकडे असं बघितलं की जणू दाराने त्यांना दगा दिला. "दार कुणी मोजायला सांगितलं नव्हतं."

"मग दाब जरा. चेप. पलंगाची गादी नेतो तसं वाकवून ने."

आणि इथे कोनसरांचा चेहरा उजळला. बाईंनी कपाळाला हात लावला, कारण तो चेहरा त्यांच्या चांगला ओळखीचा होता. "तीच तर गंमत आहे, ताई! हा दबणार नाही. हे बघ." त्यांनी खिशातून चार काड्या काढल्या, चौकोन केला आणि त्याचा कोपरा ढकलला. चौकोन निमूटपणे तिरका होऊन लोळण घेऊन पडला. मग तीन काड्यांचा त्रिकोण केला आणि ढकलला. तो जागचा हलला नाही. "चौकोन वाकतो. त्रिकोण मोडेल, पण वाकणार नाही."

"मग चौकोनांचा का नाही केलास?"

"तो पडला असता ना!"

"पडला असता तर दारातून गेला असता!"

भांडण आणखी चाललं असतं, पण पालक यायला लागले होते. घुमट पुन्हा जागेवर ठेवला. मुलं गोंधळून दोघांकडे बघत होती. आणि बाई त्या घुमटाकडे निरखून बघू लागल्या. अमोनिया मोकळ्या हवेत थोडाच होतो? त्याला बंद भांडं लागतं, दाब लागतो, उष्णता लागते. समोर भांडं आयतं तयार होतं. दाब तर आत शिरल्यावर आपोआप होणारच होता.

"समीकरण घुमटाच्या आत होईल," त्या म्हणाल्या.

"ताई! म्हणजे माझा घुमट..."

"भांडं आहे. आणि तू लोखंड आहेस."

"मी?"

"अमोनिया करताना लोखंड लागतं. ते स्वतः काही करत नाही, नुसतं उभं राहतं. त्याच्या असण्याने दुसऱ्यांचं काम लवकर होतं. आणि शेवटी ते होतं तसंच उरतं."

कोनसरांनी विचार केला. "नुसतं उभं राहायचं?"

"काही म्हणता काही करायचं नाही."

"हे मला जमेल."

"म्हणून तर तुला घेतलं," बाई म्हणाल्या.

अणू तयार होते. सहा हायड्रोजन, प्रत्येकाचा एक हात पाठीमागे बांधलेला, दोघादोघांच्या तीन जोड्या. खिसाही त्यांत होता. आणि नायट्रोजन दोन. हे दोन नायट्रोजन बाईंनी फार विचार करून निवडले होते. वर्गात दोन मुली होत्या, एक ताडासारखी उंच, तिला शिडी म्हणत, आणि एक बुटकी, गोल चेहऱ्याची, तिला गोटी म्हणत. दोघी एका बाकावर बसायच्या, एका डब्यात जेवायच्या, एकीला शिक्षा झाली तर दुसरी आपणहून शेजारी उभी राहायची. नायट्रोजनची जोडी अशीच असते, सहजासहजी तुटत नाही. तालमीत दोघी दोन्ही हात धरायच्या, पायात पाय अडकवायच्या आणि सहा हायड्रोजन आदळले तरी सुटायच्या नाहीत. बाई मुलांना म्हणायच्या, "बघा, म्हणून एवढा दाब लागतो."

तर त्या दिवशी ही जोडी तुटलेली होती. शिडी एका कोपऱ्यात, गोटी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि दोघींचीही तोंडं भिंतीकडे.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"तिने मला झेड म्हटलं," गोटी मुसमुसली.

"मी नाही, सगळ्यांनी म्हटलं. मी फक्त हसले," शिडी म्हणाली.

हळूहळू उलगडा झाला. मुलांच्या कपाळावरच्या पट्ट्यांवर अक्षरं होती, हायड्रोजनला एच आणि नायट्रोजनला एन. अक्षरं कातरून चिकटवायचं काम कोनसरांनी मोठ्या हौसेने अंगावर घेतलं होतं. आणि गोटीची पट्टी चिकटवताना त्यांच्या लक्षात आलं होतं की एन आडवा केला की झेड होतो. हा शोध स्वतःपुरता ठेवणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी तो आडवाच चिकटवला आणि वर्गाला दाखवला.

बाईंनी भावाकडे बघितलं.

"पाव फेरी फिरवलं की होतो, ताई," तो हळूच म्हणाला. "खरंच होतो."

"धाकट्या, लोखंड बोलत नसतं."

बाईंनी गोटीची पट्टी काढून अक्षर सरळ केलं, डोळे पुसले, समजूत घातली. पण गोटीने पट्टी परत घेतली नाही. "मला नाही व्हायचं नायट्रोजन," असं म्हणून ती जी निघाली ती थेट मागच्या रांगेत आपल्या आईवडिलांच्या मधे जाऊन बसली. तिचे वडील दाढीकेस करायचं दुकान चालवायचे. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे काय होतंय ते बघू लागले.

एव्हाना सभागृह भरलं होतं. पहिल्याच रांगेत बाईंची आणि कोनसरांची आई बसली होती, मांडीवर पर्स आणि हातात वाकड्या मुठीची छत्री. बाहेर लख्ख ऊन होतं, पण छत्री ही आईच्या मते हवामानावर अवलंबून नसते. आणि बाईंकडे नायट्रोजन एकच होता. एकटा नायट्रोजन म्हणजे दोरीवरचा एकटा मोजा. तेवढ्यात शेजारून होसर जात होते.

"सर, तुम्ही नायट्रो..."

"हो, हो," होसर म्हणाले.

असं म्हणून ते पुढे जाणार तोच बाईंनी त्यांच्या कपाळाला पट्टी बांधली. आपण कशाला हो म्हटलं हे त्यांना कळेपर्यंत शिडीने त्यांचे दोन्ही हात धरले होते आणि पायात पाय अडकवला होता. होसर देहाने भारदस्त होते. एका पायावर ते शेवटचे कधी उभे राहिले असतील ते त्यांनाच आठवलं नसतं. पण ते उभे राहिले. थोडे डुलत, पण राहिले.

मग प्रयोग सुरू झाला. बाईंनी माईक घेतला. "पालकहो, डावीकडे नायट्रोजनची एक जोडी, हायड्रोजनच्या तीन जोड्या. म्हणजे नायट्रोजनचे अणू दोन, हायड्रोजनचे सहा. मोजून घ्या. मागाहून तक्रार चालणार नाही." पालकांनी खरोखरच बोटं दाखवून मोजलं. हायड्रोजनच्या जोड्या त्रिकोणी दारातून सुळकन आत गेल्या. होसर आणि शिडी एकमेकांना न सोडता कसे आत जाणार हा प्रश्न होता. शेवटी दोघंही खेकड्यासारखी आडवी होऊन गेली. शेवटी लोखंड आत गेलं आणि मधोमध ताठ उभं राहिलं.

"आता उष्णता आणि दाब!" बाई म्हणाल्या. हायड्रोजन धावत सुटले. घुमटाच्या आत कल्लोळ झाला. खिसा होसरांवर आदळला आणि त्याच्या खिशातून एक चेंडू, दोन टाचण्या आणि अर्धा पेरू जमिनीवर पडला. लोखंड हलू नये म्हणून डोळे मिटून उभं होतं. शिडीचा एक हात सुटला. होसरांचा पाय सुटला. एका हायड्रोजनने होसरांचा डावा हात धरला, दुसऱ्याने उजवा, आणि खिशाने पाय. टाळ्या पडल्या. होसरांचा चेहरा लाल झाला होता, केस विस्कटले होते आणि ते हसत होते. त्यांना इतकं हसताना शाळेत कुणी बघितलं नव्हतं.

आणि नेमक्या याच क्षणी मागच्या रांगेतून गोटी उठली. शिडीजवळ कुणी दुसरंच उभं राहिलेलं तिने आतापर्यंत दात ओठ खात सहन केलं होतं. ती बाणासारखी धावत आली, "ती माझी जागा आहे!" असं ओरडली आणि त्रिकोणातून आत घुसून शिडीला मिठी मारून मोकळी झाली. शिडी रडायला लागली, गोटी रडायला लागली. "तू झेड असलीस तरी मी तुझ्याशी बोलेन," असं शिडी हुंदके देत म्हणाली.

सगळं सभागृह हेलावलं. एकट्या बाई सोडून. कारण बाईंना आता तीन नायट्रोजन दिसत होते.

"एक जास्त झाला की हो!" मागून कुणीतरी ओरडलं. ते बसचालक होते, आणि माणसं मोजायची त्यांना सवय होती. "दोन गेले होते, तीन आहेत!"

"सर," बाई घुमटाला तोंड लावून म्हणाल्या, "आता तुम्ही बाहेर या. गोटी आली आहे."

आणि तेव्हा ते घडलं ज्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत अजूनही बोललं जातं. होसर म्हणाले, "नाही."

आपल्याला नीट ऐकू आलं नसेल असं वाटून बाईंनी पुन्हा विचारलं. "सर?"

"नाही," होसर म्हणाले, आणि स्वतःच दचकले. मग त्यांना त्या शब्दाची चव आवडली असावी, कारण त्यांनी तो आणखी एकदा म्हणून बघितला. "नाही, बाई. मी येणार नाही. शाळेत असताना मला प्रत्येक नाटकात झाड केलं होतं. प्रत्येक नाटकात! आत्ता कुठे मला कुणीतरी हाताला धरलंय. मी नायट्रोजनच राहणार."

मागच्या रांगेत शिक्षकांमध्ये खळबळ माजली. एका शिक्षिकेने शेजारणीला विचारलं, "यांना नाही म्हणता येतं?"

बाई माईक धरून तशाच उभ्या होत्या. डावीकडे दोन, उजवीकडे तीन. गोटीला आता शिडीपासून सोडवणं शक्य नव्हतं, आणि होसरांना कशापासूनही. बाईंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. आणि मग त्यांना आपलेच शब्द ऐकू आल्यासारखे झाले. माणसं कमी पडली तर आणखी माणसं बोलवा. त्यांनी माईक तोंडाजवळ नेला.

"सगळ्याला दोनने गुणा!"

"काय?" लोखंडाने डोळे उघडले.

"सगळंच दुप्पट करायचं! नायट्रोजनच्या दोन जोड्या, हायड्रोजनच्या सहा. आपल्याकडे नायट्रोजन तीन आहेत, एक हवा. हायड्रोजन सहा आहेत, आणखी सहा हवेत. पालकहो, उठा!"

पालकांमध्ये आधी चुळबुळ झाली. मग बसचालक उठले. त्यांच्यामागे गोटीचे वडील आणि आई उठली. दात काढणारे एक डॉक्टर आपल्या बायकोला ओढत पुढे आले. शेवटी एक आजोबा काठी खुर्चीला टेकवून आले आणि म्हणाले, "मला एकच हात लागेल म्हणालात ना? मग जमतं." बाईंनी प्रत्येकाचा एक हात पाठीमागे ठेवायला लावला. बसचालकांच्या त्या मागच्या हातात फोन होता. बाईंनी तो काढून घेतला. "हायड्रोजनकडे फोन नसतो," त्या म्हणाल्या.

राहिला एक नायट्रोजन. तो कोण होणार? तीन ठिकाणी धरायचं म्हटल्यावर सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. तेव्हा पहिल्या रांगेतून आई उठली.

"मी होते. काय करायचं असतं?"

"आई, तू राहू दे," बाई आणि लोखंड एकाच वेळी म्हणाले.

"का म्हणून? तुम्ही दोघं कुठल्या भांड्यात शिजलात?"

बाईंनी आईला वाट करून दिली. आईला होसरांची जोडी मिळाली, कारण दुसरीकडे शिडी आणि गोटी घट्ट मिठीत होत्या. सगळे घुमटात शिरून पहिल्यापासून सुरुवात करायला आपापल्या जागी उभे राहिले. होसरांनी अदबीने दोन्ही हात पुढे केले. आईने ते धरले. मग होसरांनी भीत भीत पाय पुढे केला.

"पाय-बिय काही नाही," आई म्हणाली. तिने छत्रीची वाकडी मूठ होसरांच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवली. "हा घ्या तिसरा बंध. यापेक्षा पक्का मिळणार नाही."

आता घुमटात मुंगीला शिरायला वाव नव्हता. पण समीकरण जुळलं होतं. बाईंनी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा बसचालकांकडून मोजून घेतलं, आणि हात वर केला. "चला!"

पुढे काय झालं ते बाहेरून कुणाला नीट दिसलं नाही. घुमट फक्त थरथरत होता, आणि आतून ऐकू येत होतं, "माझा हात कुणाकडे आहे?" "अहो, तुम्ही माझे हायड्रोजन नाही!" "बाळ, काठी नाही, तो माझा पाय आहे." शेवटी कल्लोळ निवला. घुमटात चार अमोनिया उभे होते. एकेका नायट्रोजनला तीन तीन हायड्रोजन. होसरांना डॉक्टर, डॉक्टरांची बायको आणि खिसा. आईला आजोबा, बसचालक आणि एक लाजरी मुलगी. गोटीच्या वाट्याला तिचेच आईवडील आले होते, आणि तिने तेवढ्यापुरता शिडीचा हात सोडला होता. कुणी उरलं नव्हतं. कुणी कमी पडलं नव्हतं. बाईंच्या डोळ्यात पाणी आलं.

"आता बाहेर या!" त्या म्हणाल्या.

पण बाहेर यायचं कसं? चार माणसं हातात हात धरून त्या एवढ्याशा त्रिकोणातून निघणार कशी? हात सोडले तर अमोनिया मोडेल. "हात सोडायचे नाहीत!" बाई ओरडल्या, आणि दार मोठं करायला म्हणून त्यांनी घुमटाच्या बाजूची एक काडी सरळ उपटली.

"ताई, नको! ती सामाईक काडी आहे!" लोखंड किंचाळलं.

पण काडी बाईंच्या हातात आली होती. दोन त्रिकोणांमधली भिंत गेली, त्यांचा एक चौकोन झाला, आणि चौकोनाने आपला स्वभाव दाखवला. तो भाग हळूच कलला. बाईंनी घाबरून त्याला सावरायला हात लावला तेव्हा आणखी दोन काड्या निघाल्या. सगळा घुमट एक उसासा टाकल्यासारखा खाली बसला आणि आतल्या सगळ्यांची डोकी त्रिकोणांमधून वर आली. होसरांचं डोकं, आईचं डोकं, आजोबांचं डोकं, शिडीचं सगळ्यांत उंच आणि गोटीचं फक्त नाकापर्यंत.

"आता?" आईने विचारलं.

कोनसरांनी लोंबणाऱ्या काड्यांकडे बघितलं, दाराकडे बघितलं, पुन्हा काड्यांकडे बघितलं. "मऊ झालाय," ते कुजबुजले. मग जोरात म्हणाले, "अहो, मऊ झालाय! चला, डावीकडून दाबा. सगळे पुढे! जाईल आता!"

आणि तो खरोखरच गेला. चार अमोनिया आणि एक लोखंड गळ्यात घुमट घालून, अंग चोरत, एकमेकांच्या पायांवर पाय देत सभागृहाच्या दारातून बाहेर पडले आणि भर उन्हात मैदानावर आले. बाकीचे पालक मागे धावले. सगळ्यांना वाटलं की हे असंच ठरलं होतं, आणि अशा टाळ्या वाजल्या की शेजारच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. होसर मान डोलवून सगळ्यांचे आभार मानत होते, पण गळ्यात काड्या असल्यामुळे त्यांच्याबरोबर सगळा घुमट मान डोलवत होता. कोनसर बसचालकांना चौकोन का वाकतो ते समजावत होते, आणि बसचालक त्या चौकोनातच उभे असल्यामुळे त्यांना ते चटकन कळत होतं.

बाईंनी भावाला घुमटातून सोडवलं. त्याच्या शर्टावर रद्दीची शाई उतरली होती, एका पायात बूट नव्हता आणि केसांत काडी खोचलेली होती.

"लोखंड होतं तसंच उरायला हवं होतं," त्या म्हणाल्या. पण रागावून नाही. केसातली काडी त्यांनी स्वतः काढली.

"ताई, पुढच्या वर्षी आपण..."

"आधी दार मोज."

संध्याकाळी तिघं घरी निघाली. दोघं भाऊबहीण दोन बाजूंना, मधे आई, छत्री टेकत. आई खुशीत होती. ओळखीचं कुणी भेटलं की थांबून सांगत होती, "आज मी अमोनिया होते." चौकातल्या औषधांच्या दुकानदारालाही तिने सांगितलं. तो जरा चमकला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आईने विचारलं, "अगं, पण हा अमोनिया असतो कसा? कामाचा असतो का?"

"फार कामाचा, आई. त्यापासून खत करतात. शेतं पिकतात त्याच्यावर."

आईचा चेहरा आणखी खुलला. "आणि दिसतो कसा?"

"दिसत नाही. वायू असतो."

"बरं. मग कळतं कसं की आहे म्हणून?"

बाईंनी भावाला डोळ्यांनी दटावलं. कोनसर मात्र कधीच गप्प राहत नसत. "वासावरून, आई. भयंकर घाण वास असतो. नाकातोंडातून पाणी येतं. लांब ठेवलेल्या बाटलीचं झाकण उघडलं तरी माणूस पळत सुटतो."

आई रस्त्याच्या मधोमध थांबली. तिने आधी मुलाकडे बघितलं, मग मुलीकडे.

"म्हणजे सगळ्या शाळेसमोर, त्या दातांच्या डॉक्टरांसमोर, मी एवढा वेळ घाण वास होते?"

"आई, तो शुद्ध वास असतो," बाई घाईघाईने म्हणाल्या. "एकदम शुद्ध."

"पुढच्या वेळी," आई पुन्हा चालू लागत म्हणाली, "मला कापूर करा, नाहीतर मी येणार नाही."